धर तिकडून

मी आठवीत गेले त्या वर्षी आम्ही बडोद्यातलं अलकापुरीचं भाड्याचं घर सोडून दांडिया बाजारात आजोबांच्या घरी राहायला आलो, आणि माझी शाळा बदलली. आधीची शाळा मुलामुलींची होती, ही नुसत्या मुलींची. जून महिना होता. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी पाऊस असा कोसळला की आमच्या वर्गाच्या कौलांतून धार लागली. बाई म्हणाल्या, "बाकं पलीकडच्या खोलीत न्या, तास तिथे घेऊ."

आधीच्या शाळेत असं काही झालं की सर म्हणायचे, "चला रे पोरांनो, उचला." मुलं बाकं उचलायची आणि आम्ही मुली दप्तरं गोळा करून भिंतीशी उभ्या राहायचो. तसं आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं, आमच्या आम्हीच राहायचो. त्या दुपारीही मी सवयीने दप्तर छातीशी धरलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. उचलणारे आता येतील, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

समोर एक मुलगी बाकाचं एक टोक धरून वाकली होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, केसांवरून पावसाचं पाणी निथळतंय. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बघतेस काय? धर तिकडून."

मी धरलं. बाक सागवानी होतं आणि त्याला लोखंडी पाय होते. दारातून नेताना माझी दोन बोटं चौकटीत चेंगरली. मी ओरडले, तशी ती म्हणाली, "दारातून नेताना आडवं करायचं, मग नाही लागत." बोटांवर फुंकर वगैरे काही घातली नाही. पुढचं बाक आम्ही आडवं करून नेलं.

मुलींच्या शाळेने काय दिलं, असं कुणी विचारलं की मला आधी हे बाक आठवतं. प्रार्थना आठवत नाही, फळ्यावरचा सुविचार आठवत नाही. त्या शाळेत ज्याला संस्कार म्हणतात ते फार कमी वेळा बोलून दाखवलं जायचं. कामं मात्र पुष्कळ होती आणि ती करायला आमच्याखेरीज दुसरं कुणीच नव्हतं. माठ भरायचे, घंटा द्यायची, पंधरा ऑगस्टला शिडीवर चढून पताका बांधायच्या, स्नेहसंमेलनात माइकची वायर ओढायची, फ्यूज उडाला तर मेन बंद करून तार बदलायची. घरी आई म्हणायची, "मुलींनी शिडीवर चढू नये." शाळेत मी चढले नसते तर पताका खालीच राहिल्या असत्या. "कुणीतरी करील" या वाक्यातला तो कुणीतरी त्या इमारतीत राहतच नव्हता.

खेळाच्या तासाला लेझीम आणि लाठी असायची. प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्याचं गाव आमचं, त्यामुळे त्या आखाड्याचं, जुम्मादादा व्यायाममंदिराचं, नाव घरोघरी माहीत. आमच्या खेळाच्या बाई कवायतीचे हुकूम इंग्रजीत देत नसत, आपल्या भाषेत देत. बडोद्याला मराठी आणि गुजराती शेजारी शेजारी नांदतात, तशाच आमच्या शाळेतही नांदत होत्या. मराठी वर्गात ज्यांना आम्ही "बाई" म्हणायचो त्यांनाच गुजराती वर्गातल्या मुली "बेन" म्हणायच्या, आणि हाक कुठलीही आली तरी त्यांचा चेहरा तोच असायचा.

माझी पणजी मी पाचवीत असताना वारली. तिचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी तोंडावरचा, इथेच बडोद्यात. डोळ्यांना फार दिसत नसे, तरी रोज दुपारी खिडकीत बसून बोटाने ओळ धरत वर्तमानपत्र वाचायची. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, हे अपूर्णांकांचे पाढे तिला न अडखळता यायचे. मला ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची, तीन आकड्यांवरून चौथा काढायच्या गणिताचा. "त्रैराशिक आलं का गं तुला?"

मी म्हणायची, "अजून नाही."

"माझं राहिलं," ती म्हणायची. "माझं वय संपलं ना."

हे "वय संपलं" म्हणजे काय, ते मला खूप उशिरा कळलं. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली आधी अमरेली तालुक्यात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ साली ते सगळ्या बडोदे राज्यात लागू केलं. त्या काळच्या हिंदुस्थानात हे फार मोठं पाऊल होतं, आणि त्यात मुलीही होत्या. पणजी शाळेत गेली ती त्या कायद्यामुळे, नाहीतर तिच्या वडिलांनी पाठवली नसती. पण १९०६च्या कायद्यात मुलग्यांसाठी वय होतं ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १०. दहा पूर्ण झाली त्या दिवशी सक्ती संपली आणि पाटी घरी आली. तिचा भाऊ पुढे दोन वर्षं जात राहिला. त्या दोन वर्षांत त्रैराशिक होतं.

महाराजांना मी दोष देत नाही. ज्या काळात मुलीला शाळेत घाला म्हणणाऱ्यालाच लोक वेडा म्हणायचे, त्या काळात तीन वर्षं मिळवून देणं हीच केवढी गोष्ट. तरीही ती दोन वर्षं माझ्या मनातून जात नाहीत. या गावातल्या मुलींच्या शाळांकडे पाहिलं की मला वाटतं, त्या पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती दोन वर्षंच भरून काढत बसल्या आहेत.

त्यासाठी झटणाऱ्या बायका या गावाला मिळाल्या, हे आमचं भाग्य. सयाजीरावांच्या दुसऱ्या पत्नी, महाराणी चिमणाबाई दुसऱ्या, या देवासच्या घाटगे घराण्यातल्या. लग्न होऊन बडोद्याला आल्यावर त्यांचं शिक्षण झालं. पुढे त्यांनी पडदा सोडला. १९११ साली एका सहलेखकाबरोबर हिंदुस्थानातल्या स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि त्यात बायकांनी कोणकोणते व्यवसाय करावेत याचा विचार मांडला. १९१४ साली त्यांच्या नावाने स्त्री उद्योगालय निघालं. १९२७ साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तिच्या अध्यक्ष त्याच होत्या. रावपुऱ्यातल्या टॉवरला नाव आहे ते पहिल्या चिमणाबाईंचं, दुसऱ्यांचं नाही. आमच्या गावात लहानपणी सगळ्यांचाच हा घोटाळा होतो.

आणि हंसाबेन मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहतांची ही मुलगी. १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीने संविधान सभेला राष्ट्रध्वज त्यांनी अर्पण केला. पुढे आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या त्या कुलगुरू झाल्या. इतिहासाच्या बाईंनी त्यांची गोष्ट सांगितली तो तास मला लख्ख आठवतो. बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, ऑल मेन, आणि त्याखाली ऑल ह्यूमन बीइंग्ज. म्हणाल्या, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ साली आला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात वरचे शब्द होते. हंसाबेननी आग्रह धरला आणि खालचे शब्द आले.

मी हात वर केला. "पण बाई, मेन म्हटलं की त्यात आपण येतोच ना?"

बाई थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मी कुठल्या शाळेतून आले ते त्यांना ठाऊक होतं. "तुझ्या आधीच्या शाळेत सर म्हणायचे ना, पोरांनो बाकं उचला? तेव्हा तू उचललंस का?"

वर्ग हसला नाही. मी खाली बसले. एक शब्द बदलायला माणसाने इतका हट्ट का करावा, याचं उत्तर मला त्यानंतर कधी शोधावं लागलं नाही.

नववीत आम्ही भांडार चालवायचो. जिन्याखाली एक अंधारी खोली होती, तिला अर्ध्या उंचीचं दार. त्यात वह्या, पेन्सिली, शाईच्या बाटल्या, कंपासपेट्या, लाल रिबिनी. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं दुकान उघडं. दर महिन्याला दोन मुलींची पाळी. माल मोजून घ्यायचा, विकायचा, संध्याकाळी गल्ला मोजायचा आणि रोजमेळ लिहायचा. रोजमेळ म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, पेढीवर असते तशी. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक आणि दोघींच्या सह्या. सगळ्यावर देखरेख गणिताच्या बाईंची, पण त्या फक्त शनिवारी पाहायच्या.

ऑगस्ट महिना माझा आणि दुसऱ्या एका मुलीचा होता. एका शुक्रवारी गल्ला मोजला तर ३ रुपये ४० पैसे कमी. पुन्हा मोजला, तेवढेच कमी. शाईच्या बाटल्या मोजल्या, वह्या मोजल्या. माल बरोबर, पैसे कमी. आमचे हात गार पडले. तेव्हाचे ३ रुपये ४० पैसे काही फार नव्हेत, पण आमच्या पाळीत कमी पडले होते. जोडीदारीण म्हणाली, "मी एक रुपया घालते, तू बाकीचे घाल. कुणाला कळणार नाही." माझ्याकडे राखीचे पैसे होते. आम्ही घातले. रोजमेळ जुळला. रात्री मला छान झोप लागली, कारण आम्ही प्रामाणिकपणे आपल्या खिशातून भरले होते.

शनिवारी बाई आल्या तेव्हा मी आपण होऊन सांगितलं. शाबासकी मिळेल अशी माझी खात्री होती.

बाईंनी चष्मा काढला. गल्ल्यातून ३ रुपये ४० पैसे मोजले आणि आमच्या हातात परत दिले. मग लाल पेन पुढे करून म्हणाल्या, "लिही. तूट ३ रुपये ४० पैसे. कारण सापडले नाही. खाली दोघींनी सह्या करा."

"पण बाई, आम्ही भरतोय ना."

"भरलंत की चूक झाकली जाते. मग ती सापडणार कशी? आणि उद्या एखाद्या मुलीकडे भरायला पैसे नसले, तर तिने काय करायचं?"

ते दुसरं वाक्य मी अजून बरोबर घेऊन हिंडते. माझ्या खिशात राखीचे पैसे होते म्हणून मी प्रामाणिक ठरत होते. जिच्या खिशात नव्हते ती त्याच तुटीपायी चोर ठरली असती. आम्ही सह्या केल्या. लाल अक्षरांतली ती ओळ पुढे वही उघडणारी प्रत्येक मुलगी वाचत होती. मला जिन्याखाली जायची लाज वाटायची.

सप्टेंबरच्या पाळीत दोन वेण्यांची ती मुलगी आली, बाकवाली. गणितात ती सगळ्या शाळेत पुढे होती. तिने ती ओळ वाचली, पण आम्हाला काही विचारलं नाही. भिंतीवरचा भावाचा कागद काढला, दुकानदाराची पावती काढली आणि दोन्ही शेजारी ठेवले. दोनशे पानी वहीचा भाव ऑगस्टमध्ये २० पैशांनी वाढला होता. भिंतीवर जुनाच भाव होता आणि आम्ही जुन्याच भावाने विकत होतो. त्या आठवड्यात वह्या विकल्या १७. सतरा वेळा वीस पैसे. ती धावत माझ्या वर्गात आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता, जणू तूट तिचीच होती. बाईंनी त्या ओळीखाली तिच्याकडून लिहून घेतलं, "कारण सापडले." तूट मात्र खोडू दिली नाही. पैसे गेलेच होते.

चारित्र्य हा शब्द मला त्या वयात फार मोठा वाटायचा, थोर माणसांच्या तसबिरीखाली लिहिलेला. त्या वहीत तो मला माझ्या मापाचा होऊन भेटला. पुढे मी सहकारी बँकेत नोकरी केली, शाखा सांभाळली. संध्याकाळी कॅश जुळली नाही की नवी पोरं घाबरून खिशात हात घालायची. मी त्यांना खिशातून हात काढायला लावायची. तूट लिहा म्हणायची. काहींना मी कठोर वाटले असेन.

शनिवारी शाळा सकाळची असायची. शाळा सुटली की दर आठवड्याला चार मुली आणि एक बाई मोठ्या सरकारी दवाखान्यात जायच्या. बायकांच्या वॉर्डात खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्ण असत, छोटा उदेपूरकडच्या, पंचमहालातल्या. पुष्कळजणींना लिहिता येत नसे आणि घरच्यांना रोज येणं परवडत नसे. आम्ही १५ पैशांची पोस्टकार्डं घेऊन जायचो आणि त्या सांगतील तशी पत्रं लिहून द्यायचो. फळं नाहीत, बिस्किटं नाहीत, नुसती पत्रं. नियम दोनच होते. ती सांगेल तेच लिहायचं आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं. कुणाच्या पत्रात काय होतं ते बाहेर बोलायचं नाही, हे सांगायचीही गरज नव्हती.

माझ्या वाट्याला पहिल्या शनिवारी आली ती बाई पस्तिशीची असेल. मांडीपासून पायाला प्लास्टर, वजन लावून पाय वर टांगलेला. ती काही बोलायच्या आत मी कार्डावर वळणदार गुजरातीत सुरुवात केली, घरी आजोबांच्या टपालात पाहिलेली तशी. "जत लखवानुं के, अत्रे सौ कुशळ छे." म्हणजे, इथे सगळे खुशाल. मग पेन थांबवून म्हटलं, "बोला."

ती दोन वाक्यं बोलली. मी चार लिहिली. तिचं बोलणं मला तुटक वाटलं म्हणून मी ते नीट केलं. मग वाचून दाखवलं.

"कुशळ क्यां छे?" ती म्हणाली. "पग तो भांग्यो छे." खुशाल कुठे, पाय तर मोडलाय.

मी तिला समजावलं की पत्रात असं लिहायची पद्धत असते. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. या मुलीला कितपत समजतं, याचा ती अंदाज घेत होती. पलीकडच्या खाटेवरून बाई आल्या, त्यांनी कार्ड वाचलं, फाडलं आणि दुसरं दिलं. त्या दुसऱ्या कार्डावर मी लिहिलं ते एवढंच होतं. पाय मोडला आहे. दीड महिना लागेल. बकरी विकू नका. मी येते.

ती म्हणाली, "हं. आता बरोबर."

"बकरी विकू नका" हे वाक्य माझ्या पहिल्या कार्डात नव्हतंच. मी तिच्या वतीने सगळ्यांना नमस्कार कळवले होते, लहानांना आशीर्वाद दिले होते, आणि जे सांगायला तिने पत्र लिहवलं तेच गाळलं होतं. परत येताना बाई रागावल्या नाहीत. कोठीच्या रस्त्याने चालताना एवढंच म्हणाल्या, "तुझं अक्षर फार चांगलं आहे. ते तिला दिलंस तर तिचं, नाहीतर तुझंच राहतं."

शाळेचं सगळंच चांगलं होतं असं म्हटलं तर खोटं होईल. रस्त्याने मोठ्याने हसायचं नाही, रिबिनीची गाठ सुटलेली चालायची नाही, "मुलींना हे शोभत नाही" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकू यायचंच. एकीकडे शिडीवर चढवायचे आणि दुसरीकडे हसण्याला कुंपण, हे दोन्ही एकाच आवारात होतं. मला वाटतं, आमच्या बाईंनाही ते दोन्ही वारशानेच मिळालं होतं, आणि त्यातलं एक तरी त्यांनी हिमतीने वाढवलं.

दोन वेण्यांची मुलगी दहावीला शाळेत पहिली आली, गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव. निकालानंतर पंधरा दिवसांत तिचं लग्न ठरल्याचं कळलं. गणिताच्या बाई तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा त्यांना चहा मिळाला, दुसऱ्यांदा दार अर्धंच उघडलं. मुलगा डभोईचा, किराणा मालाचं दुकान, घर चांगलं, मुलीचं वय झालंय. वय झालं, वय संपलं. पणजी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि शब्द तेवढे इकडचे तिकडे झाले होते. त्या सबंध उन्हाळ्यात मी आईशी नीट बोलले नाही, जणू काही आईनेच ते ठरवलं होतं.

माझी मुलगी मुलामुलींच्या शाळेत शिकली. घराजवळची होती, चांगली होती, आणि मुलग्यांबरोबर शिकण्यातही एक शहाणपण येतं हे मी मान्य करते. पण तिच्या नववीच्या स्नेहसंमेलनात तिला ध्वनियोजनेत काम करायचं होतं, तर शिक्षकांनी सांगितलं, "वायरी जड असतात, तू पाहुण्यांना ओवाळायला राहा." ती घरी येऊन मुकाट बसली. मी शाळेत जाऊन भांडले नाही. माळ्यावरची शिडी काढली, मेन बंद केला आणि दिवाणखान्यातल्या पंख्याचं कंडेन्सर तिच्याकडून बदलून घेतलं. मुलींच्या वेगळ्या शाळा आता कशाला, असं लोक विचारतात तेव्हा मला ही वायर आठवते. ती जड असते हे खरंच आहे. मीही ओढली आहे. ज्या दिवशी मिश्र शाळेतही कुणी हे मोजणार नाही, त्या दिवशी मी तो प्रश्न ऐकून घेईन.

२०२४च्या ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीच्या दिवशी, बडोद्यावर पाऊस कोसळला. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फुटांची, पाणी चढलं ३५ फुटांच्या वर. नदीकाठच्या वस्त्या, सोसायट्यांचे तळमजले, दुकानं, गाड्या, सगळं पाण्याखाली. नदीतल्या मगरी रस्त्यांवर आणि अंगणांत दिसल्या. आमचं घर उंचावर, त्यामुळे वाचलं. तिसऱ्या दिवशी पाणी उतरायला लागलं तेव्हा आमच्या वर्गातल्या सातजणींनी मिळून थेपले, बटाट्याची सुकी भाजी आणि पाण्याच्या बाटल्या असे साठ पुडे बांधले. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला साखर आहे, पण ओळीत बसून पुडे बांधायला कुणाला सांगावं लागलं नाही.

दोन वेण्यांची ती मुलगी आता नदीजवळच्या एका वस्तीत राहते, नवरा गेल्यापासून मुलाकडे. डभोईच्या दुकानाचे हिशेब तिनेच तीस वर्षं सांभाळले होते. तिचा फोन लागत नव्हता म्हणून आम्ही आधी तिकडेच गेलो. गल्लीत घोटाभर चिखल, वास, भिजलेल्या गाद्या उन्हात टाकलेल्या. ती घराच्या ओट्यावर उभी होती. केस पांढरे, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात शाळेच्या वहीचा फाडलेला कागद.

आम्ही पुडे पुढे केले. तिने ते घेतले, बाजूला ठेवले आणि म्हणाली, "जेवण सकाळपासून चार ठिकाणांहून आलंय गं. मागच्या गल्लीत द्या, तिकडे गाडी जात नाही म्हणून कुणी गेलं नाही. इथे हे हवंय."

कागदावर तिने तेवीस घरं लिहिली होती. प्रत्येक घराला विचारून. झाडू, वायपर, फिनाइल, ब्लीचिंग पावडर. एका घरी बाळाचं दूध, एका घरी साखरेच्या गोळ्या, गोळीचं नाव आणि मात्रा लिहिलेली. चौदा नंबरच्या आजींना चष्मा, जुना वाहून गेला, नंबर माहीत नाही, पण चष्म्याच्या दुकानाचं नाव त्यांना आठवत होतं ते लिहून घेतलेलं. खाली एकूण बेरीज. झाडू ३१.

"एकतीस कसे? घरं तर तेवीस."

"आठ घरांत दोन दोन हात रिकामे आहेत," ती म्हणाली.

दोघीजणी पुडे घेऊन मागच्या गल्लीत गेल्या, दोघी औषधांच्या मागे, दोघी झाडू शोधायला बाजारात. मी तिच्याबरोबर थांबले. आत तिच्या मुलाच्या खोलीत लाकडी दिवाण पाण्याने फुगून दाराशी अडकून बसला होता. तो काढल्याशिवाय आतला चिखल ओढता येणार नव्हता. ओट्यावर शेजारची दोन मुलं मोबाइलवर व्हिडिओ काढत उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पदर खोचला, वाकून एका टोकाला हात घातला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी पर्स खुंटीला अडकवली. दिवाण आडवा केला, मग उचलला.